अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय? आधी हे वाचा, मग खोकं उघडा

दहा वर्षं अँड्रॉइड वापरून झाल्यावर मी आयफोन घेतला आणि खोकं उघडल्यापासून पंधरा मिनिटांत तो सुरू करून मोकळी झाले. भाषा निवडली, वायफाय जोडलं, चेहरा दाखवला, पुढे, पुढे, पुढे. मध्ये एका पडद्यावर जुन्या फोनमधलं सगळं आणायचं का, असं विचारलं होतं. 'आत्ता नको, नंतर निवांत बघू' म्हणून मी नकार देऊन टाकला. दोन दिवसांनी निवांत बघायला बसले तेव्हा कळलं की 'नंतर'ची सोयच नाहीये. अँड्रॉइडवरून सामान आणणारं ॲपलचं साधन फोन पहिल्यांदा सुरू करतानाच चालतं. तो टप्पा हुकला की नवा फोन पूर्ण पुसायचा आणि परत 'हॅलो'पासून सुरुवात करायची. मी केली. दुसरा इलाज नव्हता.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून कोणतं काम कुणाच्या आधी करायचं ते इथे क्रमाने लिहिलंय. मुख्य वाट अँड्रॉइडकडून आयफोनकडे जाणाऱ्यांची आहे. उलट निघालेल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. मेनूमधली नावं आवृत्तीप्रमाणे थोडीफार बदलतात, तेव्हा शब्द जसाच्या तसा सापडला नाही तर त्या अर्थाचा पर्याय शोधा.

१. कोणती गोष्ट कुठे राहते, ते आधी लिहून काढा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. फोनमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट फोनमध्येच असते असं नाही. काही गोष्टी तुमच्या गूगल खात्यात असतात: जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोज. या गोष्टी हलवायच्या नसतातच. नव्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन केलं की त्या समोर येतात. काही गोष्टी त्या-त्या ॲपच्या सर्व्हरवर असतात. टेलिग्रामचंच बघा, नंबर टाकून आत शिरलं की सगळ्या गप्पा जागेवर. फक्त 'सीक्रेट चॅट' तेवढे जुन्या फोनमध्येच राहतात. उरलेल्या गोष्टी खरोखर फोनच्या पोटात, सिममध्ये किंवा मेमरी कार्डात असतात. घोळ होतो तो याच तिसऱ्या ढिगाऱ्यात.

संपर्कांची यादी हे त्याचं उत्तम उदाहरण. माझी ठाम समजूत होती की माझे सगळे नंबर गूगलवर आहेत. कॉन्टॅक्ट्स ॲप उघडून एकेका नावाखाली ते कुठे साठवलंय हे पाहिलं, तर चारशेपैकी नव्वदेक नंबर 'डिव्हाइस'वर होते आणि अकरा चक्क सिमवर. ते अकरा नंबर इतके जुने होते की त्यातल्या दोघांचे चेहरेही आठवेनात, पण आमच्या दंतवैद्यांचा नंबर त्यातच होता. असे नंबर दिसले तर कॉन्टॅक्ट्स ॲपमधून ते 'एक्स्पोर्ट' करा. 'व्हीसीएफ' नावाची एक छोटी फाइल मिळते. ती संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'इम्पोर्ट' केली की नंबर खात्यात जातात. सिमवरचे नंबर आधी ॲपमधल्या 'सिमवरून आयात'ने उचलून घ्या. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते झालं की पुढे काहीही बिनसलं तरी तुमचे नंबर शाबूत राहतात.

याच बैठकीत फोनमधल्या ॲपवरून एकदा नजर फिरवा आणि प्रत्येकापुढे एक शब्द लिहा: 'खातं' किंवा 'फोन'. फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं नोंदवहीचं ॲप, आवाज रेकॉर्डरमधल्या फाइली, कॉल रेकॉर्डिंग, एखाद्या खेळात गाठलेली पातळी या गोष्टींपुढे बहुधा 'फोन' असंच लिहावं लागेल.

२. हाताशी काय हवं

दोन्ही फोन आणि दोन्हींचे चार्जर. एकच चार्जर आलटून पालटून लावू असं म्हणू नका. हलवाहलव चालू असताना दोन्ही फोन विजेला जोडलेले हवेत.

भरवशाचं वायफाय.

गूगल खात्याचा पासवर्ड, आणि तो तुम्हाला पाठ असलेला किंवा कागदावर लिहिलेला. 'फोनमध्ये सेव्ह आहे' हे उत्तर इथे चालत नाही.

ॲपलचं खातं. नसेल तर सेटअप करताना उघडता येतं. त्यासाठी एक ईमेल आणि ओटीपी येईल असा मोबाइल नंबर लागतो. पूर्वी आयपॅडसाठी किंवा जुन्या आयपॉडसाठी कधी खातं उघडलं असेल तर तेच वापरा. दोन खाती झाली की खरेदी एकीकडे आणि फोटो दुसरीकडे असा संसार होतो.

सिमचा ट्रे उघडायची पिन. सिम प्लास्टिकचं नसून ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर कसं घ्यायचं हे मोबाइल कंपनीला आधीच विचारून ठेवा. अँड्रॉइडचं ई-सिम आयफोनवर आपोआप उडी मारेल असं गृहीत धरू नका.

आणि एक मोकळी संध्याकाळ. फोटो-व्हिडिओ भरपूर असतील तर हे प्रकरण तासांवर जातं.

जागेचा हिशेबही इथेच करा. आयफोनला मेमरी कार्डाची खाच नसते. जुन्या फोनची भरलेली जागा आणि त्यातल्या कार्डावरचं सामान यांची बेरीज नव्या फोनच्या जागेत मावली पाहिजे. मावत नसेल तर जुने व्हिडिओ आधी संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा.

३. जुन्या फोनवरची पूर्वतयारी

प्ले स्टोअरवरून 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप उतरवा. ते खुद्द ॲपलचंच आहे, २०१५ सालापासून आहे आणि फुकट आहे. अशाच नावांची आणखी बरीच ॲप दिसतात, पैसे मागतात आणि तुमच्या सगळ्या फोनची परवानगीही मागतात. त्यांच्या नादी लागू नका. बनवणाऱ्याचं नाव ॲपल आहे का, एवढं बघा.

व्हॉट्सॲप आणि क्रोम अद्ययावत करा. क्रोम कशाला, असं वाटेल. पण जुनी आवृत्ती असेल तर बुकमार्क येत नाहीत.

प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन्स'ची यादी उघडा. दर महिन्याला पैसे कापणारी जी काही ॲप असतील ती तिथे दिसतील. फोन बदलला म्हणून ती वर्गणी बंद होत नाही, ॲप काढून टाकलं तरी होत नाही. जी नको ती तिथूनच रद्द करा. प्ले स्टोअरवर विकत घेतलेली ॲपही आयफोनवर फुकट मिळत नाहीत. ॲप स्टोअर हे वेगळं दुकान आहे, तिथे परत पैसे मोजावे लागतात. मी मोजले तेव्हा थोडी चिडचिड झाली खरी.

यानंतर दोन-टप्प्यांच्या लॉगिनचे, म्हणजे पासवर्डनंतर मागितले जाणारे, सहा आकडी कोड. हे काम विसरणाऱ्यांची संख्या फार मोठी असावी, कारण मी ज्याला-ज्याला विचारलं तो इथेच अडकला होता. माझ्या भावाने जुना फोन पुसून, चकाचक करून विकला आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या खात्यात शिरायला गेला. खात्याने ऑथेंटिकेटरचा, म्हणजे असे कोड तयार करणाऱ्या ॲपचा, कोड मागितला. ऑथेंटिकेटर नव्या फोनवर होता, पण आतून रिकामा. कोड तयार करणारी गुप्त किल्ली जुन्या फोनबरोबर पुसली गेली होती. ओळख पटवून ते खातं परत मिळवायला त्याचे अकरा दिवस गेले.

तेव्हा गूगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्याच्या मेनूत 'ट्रान्सफर अकाउंट्स' आणि मग 'एक्स्पोर्ट' हा पर्याय आहे. त्याने पडद्यावर एक क्यूआर कोड येतो. नवा फोन सुरू झाला की त्यावर तेच ॲप घालून तो कोड स्कॅन करायचा. म्हणजे दोन्ही फोन शेजारी-शेजारी चालू हवेत. २०२३ पासून या ॲपमध्ये कोड गूगल खात्यात साठवायची सोय आली आहे, पण तुमच्याकडे ती चालू आहे का ते डोळ्यांनी पाहा. दुसरं कुठलं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर त्याची बॅकअपची सोय शोधा. ज्या खात्यांनी 'रिकव्हरी कोड' दिले होते ते शोधून कागदावर उतरवून ठेवा.

४. प्रत्यक्ष हलवाहलव

आता नवा फोन सुरू करा. भाषा, वायफाय वगैरे झाल्यावर ॲप आणि डेटा कुठून आणायचा, असं विचारणारा पडदा येतो. इथे घाई नको. अँड्रॉइडवरून आणायचा पर्याय निवडा. आयफोनवर आकड्यांचा एक कोड दिसेल. जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' उघडा, परवानग्या द्या आणि तो कोड तिथे टाका. आयफोन स्वतःचं एक तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि जुना फोन त्याला जोडला जातो. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडू का?' असं जुना फोन कुरकुरत विचारेल. हो म्हणा.

मग काय-काय न्यायचं याची यादी येते: संपर्क, एसएमएस, फोटो-व्हिडिओ आणि अल्बम, कॅलेंडर, मेलची खाती, बुकमार्क, फाइली, काही सेटिंग्ज, व्हॉट्सॲप. जी फुकट ॲप दोन्ही दुकानांत आहेत तीही नव्या फोनवर उतरतात, पण त्यांच्या आतला डेटा त्यांच्याबरोबर येत नाही. हवं ते निवडा, पुढे चला आणि दोन्ही फोनना हात लावू नका.

हे शेवटचं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. जुन्या फोनवर हे ॲप शेवटपर्यंत समोर उघडं राहिलं पाहिजे. तुम्ही दुसरं ॲप उघडलंत किंवा फोन आला तर हलवाहलव मोडते. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात तीन चतुर्थांश पट्टी भरली होती आणि मावशीचा फोन आला. मावशीशी वीस मिनिटं बोलून झाल्यावर पट्टी शून्यावर. तिसऱ्या वेळी मी जुना फोन विमान मोडवर टाकला आणि नुसतं वायफाय चालू ठेवलं. मोबाइल डेटा तर बंदच हवा, कारण इंटरनेट नसलेलं वायफाय सापडलं की काही फोन शहाणपणा करून ते सोडून देतात आणि डेटाकडे वळतात. वायफाय कमजोर वाटलं की डेटावर उडी मारणारी ही सेटिंग असेल तर ती बंद करा. पडदा आपोआप बंद होण्याची वेळही वाढवा.

आणखी एक सापळा. जुना फोन 'झालं' म्हणतो, पण आयफोनवरची पट्टी अजून सरकत असते. ऐकायचं ते आयफोनचं. त्याची पट्टी पूर्ण होईपर्यंत जुना फोन उचलायचा नाही.

५. व्हॉट्सॲपसाठी दोन शब्द जास्त

'माझा गूगल ड्राइव्हवर रोज बॅकअप होतो, मला काळजी नाही,' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो बॅकअप आयफोनवर उघडत नाही. आयफोनवरचं व्हॉट्सॲप आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यातला, बॅकअप ओळखतं आणि अँड्रॉइडवरचं गूगलचा. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. त्यामुळे गप्पांना थेट जुन्या फोनवरून नव्यावर नेणं हाच मार्ग, आणि २०२२ पासून तो वरच्याच ॲपमध्ये आहे.

यादीत व्हॉट्सॲप निवडलं की जुन्या फोनवर व्हॉट्सॲप स्वतः उघडतं आणि गप्पा बांधायला घेतं. ते संपलं की जुन्या फोनवरून तुम्ही लॉगआउट होता. घाबरू नका, हे असंच व्हायचं असतं. परत 'मूव्ह टू आयओएस'वर येऊन 'कंटिन्यू' करा. सगळी हलवाहलव झाल्यावर आयफोनवर ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घ्या, तोच नंबर टाका, आणि गप्पा आणायचा प्रश्न आला की 'स्टार्ट' दाबा. नंबर तोच हवा, ही अट आहे. नंबर आणि फोन एकाच वेळी बदलू नका. आधी एक, मग दुसरं.

वैयक्तिक गप्पा, ग्रुप, फोटो, प्रोफाइल चित्र हे सगळं येतं. कॉलची यादी येत नाही. जुन्या फोनमधली व्हॉट्सॲपची प्रतही लगेच नाहीशी होत नाही. तुम्ही ते ॲप काढेपर्यंत किंवा फोन पुसेपर्यंत ती तिथे असते. म्हणून आयफोनवर चार-पाच जुन्या गप्पा उघडून, वर सरकवून, दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो उघडतोय का ते बघा. तोवर जुन्या फोनला हात नको.

६. सिम आणि बँक

सिम आता नव्या फोनमध्ये घाला. बँकांची ॲप नव्या फोनला अनोळखी समजतात आणि ओळख नव्याने पटवून घेतात. त्यासाठी नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये, चालू अवस्थेत असावा लागतो. काही बँका नव्या फोनवर सुरुवातीचा काही काळ रकमेवर मर्यादाही ठेवतात. त्यामुळे उद्या मोठी रक्कम भरायची असेल तर आज फोन बदलू नका. एका वेळी एकच बँक उघडा, एक छोटा व्यवहार करून बघा, मग दुसरी.

७. पासवर्ड

वर्षानुवर्षं क्रोमने पासवर्ड लक्षात ठेवलेले असतील तर ते हलवायची गरज नाही. आयफोनवर क्रोम घाला, त्याच गूगल खात्याने आत जा, मग आयफोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'ऑटोफिल' लिहा आणि पासवर्ड भरणाऱ्यांच्या यादीत क्रोमला निवडा. बाकीच्या ॲपमध्येही मग तेच पासवर्ड सुचवले जातात.

ॲपलच्या पासवर्ड ॲपमध्येच सगळं न्यायचं असेल तर गूगलमधून 'सीएसव्ही' फाइल काढता येते. पण ती फाइल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला कागद आहे. तिला ईमेलने स्वतःलाच पाठवू नका. काम झालं की फाइल पुसा आणि कचरापेटीतूनही काढा.

८. पहिला आठवडा: बोटांची चिडचिड

डेटा एका संध्याकाळी हलतो. बोटं हलायला आठवडा लागतो, आणि पहिले तीन दिवस 'आपण उगाच या भानगडीत पडलो' असं वाटणं अगदी नेहमीचं आहे.

सगळ्यात जास्त आठवण येते ती 'मागे' जाण्याची. अँड्रॉइडवर डाव्या-उजव्या कुठल्याही कडेवरून आत सरकवलं की मागे जातं, किंवा खाली बटणच असतं. आयफोनवर बहुतेक ॲपमध्ये डाव्या कडेवरून उजवीकडे सरकवायचं, नाहीतर डाव्या वरच्या कोपऱ्यातला बाण दाबायचा. काही ठिकाणी दोन्ही नसतं. तिथे 'डन' किंवा फुली असते, किंवा पडदाच वरून खाली ओढायचा असतो. मी फोन उजव्या हातात धरते. माझा अंगठा चार दिवस उजव्या कडेवर आपटत होता आणि फोन ढिम्म. शेवटी डाव्या हातात धरायची सवय लावली.

वरून खाली ओढण्याचेही दोन प्रकार आहेत. चेहरा ओळखणाऱ्या (फेस आयडीवाल्या) फोनवर उजव्या कोपऱ्यातून ओढलं तर वायफाय, टॉर्च, आवाज हे सगळं येतं. मधून किंवा डावीकडून ओढलं तर सूचना येतात. ॲपची सेटिंग्ज बऱ्याचदा ॲपमध्ये न सापडता फोनच्या सेटिंग्जमध्ये, त्या ॲपच्या नावाखाली असतात. काही सापडेना की आधी तिथे बघा.

मराठी कीबोर्ड फोनमध्येच आहे: सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, नवा कीबोर्ड जोडा. अक्षरांची मांडणी मात्र वेगळी आहे. जुन्या कीबोर्डाने शिकलेले तुमचे खास शब्दही बरोबर येत नाहीत. नातेवाइकांची नावं, आडनावं, घरातले लाडाचे शब्द सगळे नव्याने शिकवावे लागतात. माझ्या फोनने पहिले दोन आठवडे माझं आडनाव दुरुस्त करायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

गजरही येत नाहीत! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी पावणेनऊला जाग आली तेव्हा कळलं. लावताना हेही बघा की गजराचा आवाज साधारणपणे रिंगच्या आवाजाइतकाच असतो. रात्री रिंग बारीक केलीत तर गजरही बारीक वाजतो. वायफायचे पासवर्डही मागेच राहतात, पण त्यांनी कुणाची झोप लांबत नाही.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी लावून टाका. एक, सेटिंग्जमध्ये कॉन्टॅक्ट्स शोधून तिथलं 'डिफॉल्ट अकाउंट' पाहा. ते आयक्लाउड असेल तर जुने नंबर गूगलवर आणि नवे आयक्लाउडवर असे दोन कप्पे होतात, आणि हे कळतं थेट दोन वर्षांनी. कुठलंही एक निवडा. दोन, नेहमीचा ब्राउझर आणि मेलचं ॲप बदलायचं असेल तर बदला. २०२० साली आलेल्या आयओएस १४ पासून ती मुभा आहे.

आठवडा उलटला की 'आयक्लाउडची जागा भरली' असा इशारा येतो. ॲपल ५ जीबी फुकट देतं, गूगल १५ जीबी, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याला हे फार लवकर भरल्यासारखं वाटतं. फोटो गूगल फोटोजवरच ठेवायचे असतील तर आयक्लाउड फोटोज बंद करा. चालू ठेवायचे असतील तर एक नीट समजून घ्या: ते फोटोंच्या जादा प्रती ठेवायचं कपाट नाही. फोनवरून फोटो पुसला की तो आयक्लाउडवरून आणि त्या खात्याच्या बाकी सगळ्या उपकरणांवरूनही जातो. 'क्लाउडवर आहेच' म्हणून फोनवरून फोटो उडवणारे लोक मी पाहिलेत. तीस दिवसांपर्यंत ते 'रीसंटली डिलीटेड'मध्ये सापडतात, हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

९. घड्याळ आणि इतर जोड्या

मनगटावर स्मार्टवॉच असेल तर ते फोन घेण्याआधी तपासा. गॅलक्सी वॉच ४ आणि त्यानंतरची सॅमसंगची घड्याळं, तसंच पिक्सेल वॉच, आयफोनशी जोडली जात नाहीत. ॲपल वॉचला तर आयफोनच लागतो. ब्लूटूथचे इअरफोन मात्र इकडे-तिकडे कुठेही चालतात.

केबलचंही तेच: आयफोन १५ पासून यूएसबी-सी आहे, म्हणजे जुन्या अँड्रॉइडची केबल चालते. त्याआधीच्यांना लाइटनिंग केबल लागते.

१०. उलट निघालेल्यांसाठी

आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना सगळ्यात मोठा सापळा आहे आयमेसेजचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेचा. ते बंद न करता सिम काढून अँड्रॉइडमध्ये घातलं, तर आयफोनवाले मित्र तुम्हाला पाठवतात ते मेसेज ॲपलच्या यंत्रणेतच अडकू शकतात. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, तुम्हाला पत्ताच नाही. तेव्हा सिम आयफोनमध्ये असतानाच सेटिंग्जमधून आयमेसेज आणि फेसटाइम (ॲपलची व्हिडिओ कॉलची सेवा) दोन्ही बंद करा. आयफोन हातातून गेला असेल तर ॲपलच्या संकेतस्थळावर नंबर काढून टाकायचं पान आहे. नंबर टाकायचा, एसएमएसने आलेला कोड भरायचा, झालं.

व्हॉट्सॲप इथेही नवा फोन सेट करतानाच, दोन्ही फोन केबलने जोडून न्यायचं. केबल दोन्ही टोकांना बसेल अशी आधीच शोधून ठेवा. आयक्लाउडवरचे फोटो गूगल फोटोजमध्ये पाठवायची विनंती ॲपलच्या प्रायव्हसी पानावरून करता येते. त्याला तीन ते सात दिवस लागतात, आणि मूळ फोटो आयक्लाउडवर तसेच राहतात. गूगलकडे त्यासाठी जागा पुरेशी आहे ना, ते आधी पाहा.

११. जुना फोन पुसणं

निदान पंधरा दिवस पुसू नका. विकायची घाई असली तरीही. विसरलेलं एखादं ॲप, एखादी नोंद, एखादा कोड दहाव्या-बाराव्या दिवशीच आठवतो.

पंधरा दिवसांनी हा क्रम ठेवा. व्हॉट्सॲप, बँका, ऑथेंटिकेटर नव्या फोनवर चालतायत याची खात्री. मग जुन्या फोनच्या सेटिंग्जमधून गूगल खातं काढून टाकणं. मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता पुसलं तर अँड्रॉइड ५.१ पासून असलेलं कुलूप आड येऊ शकतं: फोन पुसला तरी पुढच्या मालकाला तुमच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि मग तो माणूस तुम्हाला फोन करत बसतो. आयफोन विकणाऱ्यांनी त्याआधी हरवलेला फोन शोधणारं 'फाइंड माय' बंद करायचं, तिकडचं कुलूप त्यात आहे.

फोन खोक्यात घालण्याआधी पिन घेऊन ट्रे एकदा उघडा. रीसेट करताना मेमरी कार्ड वेगळं सांगितल्याशिवाय पुसलं जात नाही. माझं कार्ड त्यातच होतं, सात वर्षांच्या फोटोंसकट.